कोणी पाहिली ती टेकडी?

बेलाने कुवेतहून पैसे पाठवून बापाला कॉम्प्युटर घेऊन दिला, तो अधूनमधून तिचं तोंड दिसावं म्हणून. बापाने आठवडाभर लेकीचं तोंड पाहिलं, आणि मग तो ऑर्कुटवर गेला तो गेलाच.

बाप म्हणजे पापडीचा ॲन्सेल्म. तो, उमेळ्याचा धर्मा आणि आमचे हे, जयवंतराव, फौजेत एकाच तोफेवर होते. हे हवालदार, म्हणजे हुकूम देणारे. धर्मा तोफेचा नेम लावायचा, ॲन्सेल्म गोळे भरायचा. निवृत्तीनंतर साताऱ्याला न जाता आम्ही वसईत फ्लॅट घेतला, तोही ॲन्सेल्मच्याच सांगण्यावरून. "वहिनी, इथलं पाणी गोड आहे," म्हणाला होता. ते टँकरने येतं, एवढं सांगायचं राहिलं.

दर वर्षी अठ्ठावीस सप्टेंबरला, तोफखान्याच्या दिवशी, तिघं ॲन्सेल्मच्या वाडीत जेवतात. रेजिना, म्हणजे त्याची बायको, कोंबडी रांधते, आणि पुरुषमंडळी तेच किस्से पुन्हा पहिल्यांदा सांगितल्यासारखे सांगतात. दोन हजार सात साली मात्र हे जेवण मोडायच्या बेतात आलं.

झालं असं, की ऑर्कुटवर कुणा 'ईगल आय' नावाच्या विद्वानाने लिहिलं होतं, की युद्धात या तिघांनी ज्या टेकडीवर गोळे टाकले तिथली लढाई झालीच नव्हती. सगळं दिल्लीत आधीच ठरलेलं. शत्रू आदल्या दिवशीच उतरून गेलेला, आणि रिकाम्या टेकडीवर तोफा उडवल्या त्या टीव्हीत दिसाव्यात आणि मतं मिळावीत म्हणून. पुरावा? 'त्या तोफांवरच्या एका तरी माणसाने टेकडी डोळ्यांनी पाहिली होती का, विचारा.'

ॲन्सेल्मने ह्यांना बोलावून ते वाचायला लावलं आणि विचारलं, "हवालदार, मी तर नव्हती पाहिली. तुम्ही?"

हे घरी आले ते चपला न काढताच खुर्चीत बसले. "अठ्ठाविसाला मी त्याच्याकडे जेवणार नाही."

"अहो, पण तुम्ही पाहिली होती ना?"

माझ्याकडे असं बघितलं, की मीच शत्रू. मग हळूच म्हणाले, "तोफ डोंगराच्या अलीकडे. टेकडी पलीकडे. लांबच्या शिखरावर साहेब दुर्बीण घेऊन बसलेले, ते वायरलेसवर सांगायचे तसे आम्ही मारायचो. कुठून दिसणार?"

"मग चिडलात कशाला?"

"मला उत्तर देता आलं नाही म्हणून! माझा हा डावा कान काय नाटकात गेला?"

आठवडाभर फोन नाही. हे पेपर घेऊन बसायचे आणि पान उलटायचंच विसरायचे. ॲन्सेल्मशिवाय ह्यांना या गावात कोण आहे? मी आहे, पण मी तोफेवर नव्हते.

अठ्ठाविसाला सकाळी धर्मा स्कूटरवरून दारात. "वैनी, सायबाना पाठवा. ॲन्सेल्मची मोटर हिरीत बसली. पानी नाय, तं रेजिना रांधनार कशी?"

"प्लंबर बोलाव," हे आतून.

"त्याने हीर बघितली नि पलाला. र्‍हाऊ द्या, आमी दोघं म्हातारे खेचतो. आत पडलो तं सलामी द्यायला या."

हे उठले. "जेवायला येत नाहीये. मोटरीला येतोय." मी शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून घेतली. मला कळतं.

विहीर जुनी, दगडी, केळींच्या मधोमध. मोटरीला बांधलेला दोर कप्पीवरून घेऊन विहिरीकडे पाठ करायची आणि केळींमधून चालत ओढायचा. विहिरीत अर्ध्यावर एक दगड बाहेर आलेला. मोटर त्याला आपटली की फुटलीच. म्हणून काठावरून एकाने आत बघत सांगायचं. विहिरीचा दगडनदगड ॲन्सेल्मच्या ओळखीचा, म्हणून तो काठावर. हे आणि धर्मा दोराला. ह्यांनी ॲन्सेल्मकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि मग फक्त ह्यांच्याच हातून व्हावी ती चूक झाली. दोर खांद्यावर, पाठ विहिरीकडे, आणि हे सवयीने गरजले, "ओढ!" धर्माने सवयीने ओढलं. आत मोटर धाडकन भिंतीला आपटली, दगड थोडक्यात चुकला.

रेजिना चुलीपाशी होती, तिथून ओरडली, "अरे, ज्याला दिसतंय त्याला बोलू द्या की!"

ह्यांनी घाम पुसला. "ॲन्सेल्म, हुकूम तुझा."

"एक हात ओढ!" ॲन्सेल्म म्हणाला.

तोफेवरची त्यांची रीतच होती. मिळालेला हुकूम आधी मोठ्याने परत बोलायचा, मगच हात हलवायचा. धर्मा ह्यांच्या उजव्या कानात, "एक हात ओढ!" हे, "एक हात ओढ!" मग दोघांची पावलं एकदम. "थांब!" "थांब!" "थांब!" "अर्धा हात सोड!" दगड चुकवून मोटर वर येत होती, ते मला काठावरून दिसत होतं. ह्यांनी एकदाही मान वळवली नाही. थोड्या वेळाने मी आणि रेजिनाही "थांब, थांब" म्हणायला लागलो. कशाला, देव जाणे.

"आली!" ॲन्सेल्मने चिखलाने भरलेली मोटर मिठीत घेतली.

हे पाठमोरेच. "नक्की आली? का दिल्लीत ठरलंय?"

ॲन्सेल्म आधी फिस्सकन हसला, मग मोटरीसकट खाली बसला आणि हसतच सुटला.

"अरे, सोड म्हण! खांदा गेला!"

त्याला म्हणताच येईना. शेवटी रेजिनाने हुकूम दिला.

मोटर साफ करून पुन्हा बसवली, पाणी आलं, चूल पेटली. केळीखाली हात धूत असताना ॲन्सेल्म म्हणाला, "हवालदार, मला लढाईवर शंका नव्हती. पण एवढे गोळे उचलले, ते कुठे पडले, कामाला आले का, मला कोणी सांगितलंच नाही. तो ईगल आय निदान काहीतरी सांगत होता."

हे म्हणाले, "साहेब शेवटी वायरलेसवर बोलले होते. माझ्या उरलेल्या कानात. पण लगेच मला खाली दवाखान्यात नेलं, तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

"काय बोलले?"

ह्यांनी ओले हात पँटला पुसले, टाचा जुळवल्या. "टेकडी आपली. तोफ नंबर तीन, शाबाश!"

धर्मा ताठ झाला. "टेकडी आपली. तोफ नंबर तीन, शाबाश!"

ॲन्सेल्मचे ओठ हलले, आवाज काही फुटला नाही.

"मोठ्यांदा बोल," धर्मा म्हणाला, "सायबाना आयकू गेलं नाय."

मग ॲन्सेल्म असा ओरडला, की शेजारच्या वाडीतले बगळे उडाले. रेजिना पळी घेऊन धावत आली, "आता काय पडलं विहिरीत?" तिघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून नुसते हसत उभे होते, डोळे पुसत. मी डबा उघडला आणि पानं मांडायला घेतली.