नापासांची भिंत

साहेब, तुमच्या कचेरीभोवतीची भिंत चोरीची आहे. विटांची पावती तुमच्याकडे असेल, चुन्याचीही असेल. त्याबद्दल तक्रार नाही. चोरी झाली ती माणसांच्या हातांची. ती तुम्ही दिवसाढवळ्या, लोकांना रांगेत उभं करून, सरकारी शिक्का मारून केलीत आणि वर त्याच लोकांना तोंडावर सांगितलंत की तुम्हाला काम येत नाही.

आणि मंडळी, तुम्ही फार हुरळून जाऊ नका. तुम्हीही त्या भिंतीला रोज सायकली टेकवता. दुपारी तिच्या सावलीत अर्ज लिहीत बसता. ती कुणी बांधली, हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. म्हणून ही हकीकत तुम्हीही ऐकायची आहे.

गोष्ट सत्तावन्न सालच्या सुरुवातीची. राजधानी म्हणून नागपूर सुटून भोपाळ लागलं त्याला दोन-तीन महिने झाले होते. कपाटं हलत होती, शिक्के बदलत होते, आणि कुणी काहीही विचारलं तरी कचेरीत एकच उत्तर तयार असे, "भोपाळहून येईल." अशात बऱ्हाणपुरात चाळीस खाटांचा नवा दवाखाना बांधायचं ठरलं. त्यासाठी गवंडी भरायचे होते, तेही कायम हजेरीवर, काम संपेपर्यंत. शाहपुरापासून चांदनीपर्यंत ज्याच्या घरात थापी होती त्याच्या कानावर ही बातमी गेली.

त्या कचेरीत वामन कारकून होता. अक्षर मोत्यासारखं, मान कायम खाली. त्याचं स्वतःचं नाव नागपूरच्या यादीतून भोपाळच्या यादीत जायचं होतं आणि ते साहेबांच्या एका शेऱ्यावर अडलं होतं. त्यामुळे साहेब सांगे आणि वामन लिही. साहेब कुठून परमुलखातून आलेला नव्हता, हेही सांगून टाकतो. आपलाच होता, आपल्याच बोलीत बोलायचा.

दर गुरुवारी गवंड्यांची चाचणी असे. कचेरीच्या आवारात, आधीच खणलेल्या पायावर दोरी ताणलेली. एका वेळी सहा गवंडी. प्रत्येकानं तीन हात लांबीची, छातीइतकी उंच भिंत दिवसभरात उभी करून दाखवायची. चाचणीला मजुरी नसते, ती कुणी मागितलीही नाही. फक्त एक बारीक सूचना असे, "दोन्ही टोकांना दात सोडा." म्हणजे एक आड एक वीट अर्धी बाहेर ठेवायची, पुढच्या भिंतीला तिच्यात रुतता यावं म्हणून.

संध्याकाळी साहेब हात मागे बांधून फेरी मारी. विटेला बोट लावत नसे.

"लिही वामन. ओळंबा चुकला. पुढचा, सांधे जाड. त्याच्या पुढचा, हात मंद."

वामन लिही. शेवटच्या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द, नापास. असे नऊ गुरुवार झाले.

नवव्या गुरुवारी शाहपुरचा शालिग्राम तिसऱ्यांदा आला होता. तिशीचा, अबोल गडी. बापाकडून काम शिकलेला. त्याचा बाप तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्या दुरुस्त करायला असे. सांध्यातला चुना ओला असताना तापीतल्या गुळगुळीत गोट्यानं घोटायचा, ही बापाची सवय त्यानं उचलली होती. सगळे गेले तरी तो वामनच्या खिडकीशी थांबला.

"बाबूजी, या खेपेले काय चुकलं?"

"ओळंबा. साहेबांनी सांगितलं."

"मागच्या खेपेलेही ओळंबाच होता."

"मी नुसता लिहितो रे, शालिग्राम."

शालिग्रामनं थापी धोतराला पुसली, उलटसुलट करून पाहिली. "तीन खेपा झाल्या. सरकार काही उगीच बोलत नाही. माझीच नजर गेली असन. बापाचा हात आला असं लोकं म्हणत, मलेही वाटे." तो जरासा हसला. "नसन आला. जाऊ द्या. बुधवारपासून ठेसनावर केळीच्या वॅगनी भरायले जातो. तिथं ओळंबा लागत नाही."

वामनला काहीतरी बोलायचं होतं. पण त्याला घाई होती. तीन दिवसांपूर्वी वरून मोठे साहेब तपासणीला येऊन गेले होते आणि दोन कागद सुवाच्य करून पाठवायचे होते. पहिल्यात लिहिलं होतं : कुंपणाची भिंत उत्तम, ओळंब्यात, सांधे एकसारखे. दुसऱ्यात : या भागात कुशल गवंडी उपलब्ध नाहीत, तरी ठेकेदारामार्फत बाहेरून आणण्यास मंजुरी मिळावी. वामननं दोन्ही कागद आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवले, त्यांची एकेक नक्कल चाचणीच्या वहीत घातली आणि मूळ कागद एकाच पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. हात जराही अडखळला नाही त्याचा.

बऱ्हाणपुरात कुशल गवंडी उपलब्ध नाहीत. ज्या गावात चार पावलं चाललं की तीनशे वर्षांची कमान डोक्यावर येते, त्या गावाबद्दल हे लिहिलं गेलं. आणि लिहिणारा गावचाच.

सोमवारी सकाळी कचेरी उघडते न उघडते तोच फाटकातून एक म्हातारी आत आली. खांद्यावर पहार, कमरेला पदर खोचलेला. शालिग्रामची आई, रंभाबाई. नवऱ्याच्या हयातीत चुन्याची घाणी तीच सांभाळायची. ओंजळीत घेऊन चुना मळला की नाही ते सांगायची. मागोमाग शालिग्राम तिला आवरत होता.

"व माय, चल घरी. तमाशा नको करू."

"तू गप. तुले वॅगनी भरायच्या आहेत ना, भर. माझं काम मले करू दे." ती खिडकीशी आली. "बाबूजी, माझ्या पोराची भिंत नापास हाय ना?"

"हो मावशी."

"तीनही वेळा?"

"तीनही."

"मग ती मी पाडून टाकते. खराब काम उभं ठेवू नये. उद्या कोणाच्या अंगावर पडलं तर नाव माझ्या मालकाचं जाईन. तुमचा वेळ नाही खात, दुपारपर्यंत आटपते."

आणि ती खरंच भिंतीकडे वळली. बोटं सांध्यांवरून फिरवत, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तशी चालत राहिली. एका जागी थांबली. "हे पहिल्या खेपेचं." पहार उचलली.

शिपाई ओरडला. साहेब चहाचा पेला हातात घेऊनच बाहेर आला. अर्ज घेऊन आलेले पंधरा-वीस लोक जमले.

"ए बाई, ठेव ती पहार. सरकारी भिंत आहे ती."

"सरकारी कवा झाली साहेब? नापास माल तुमी घेत नाही म्हणून सांगितलं."

"जास्त बोलायचं नाही. मोठ्या साहेबांनी स्वतः पाहून उत्तम म्हणून पास केलेली भिंत आहे. एका विटेला हात लावलास तर पोलिसात देईन."

रंभाबाईनं पहार खाली टेकवली. "पास केली?"

"केली."

"मग माझा पोरगा नापास कसा?"

लोकांमधून कुणीतरी खोकलं. पण साहेबही कसलेला गडी होता. "तुझ्या पोराची भिंत केव्हाच पाडून टाकली. ही ठेकेदाराच्या माणसांनी बांधली. वामन, सांग या बाईला."

सगळे वामनकडे बघायला लागले. शालिग्रामही. त्याची नजर मात्र वेगळी होती. आईला खोटं ठरवून एकदाचं घरी पाठवा, अशी गयावया होती तिच्यात. वामनच्या डोळ्यांपुढून भोपाळची यादी गेली. त्याची मान सवयीनं खाली गेली.

"ते सांगतीन," रंभाबाई म्हणाली, "पण आधी एक करा बाबूजी. 'ओळंबा चुकला' असं तुमीच लिहिलं ना? ओळंबा कधी हातात धरला?"

वामननं नऊ आठवड्यांत 'ओळंबा चुकला' हे शब्द किती वेळा लिहिले असतील त्याची गणती नव्हती. ओळंबा त्यानं हातात कधीच धरला नव्हता. म्हातारीनं शालिग्रामच्या पिशवीतून तो काढून त्याच्या हातात दिला. एक लाकडी ठोकळा, त्यातून गेलेली सुतळी, खाली लोखंडी गोळा.

"ठोकळा वर भिंतीले लावा. गोळा सोडा. भिंत वाकडी असन तर गोळा दूर राहीन, नाहीतर अंगावर रेलून बसन. सरळ असन तर नुसता चाटून जाईन. तुमीच पाहा."

वामननं ठोकळा टेकवला. गोळा हलला, डुलला आणि हळूहळू स्थिर झाला. विटेपासून नखाएवढाही दूर नव्हता, रेललेलाही नव्हता. वामननं दोन हात सरकून पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. सांध्यावरून त्यानं बोट फिरवलं. चुना काचेसारखा गुळगुळीत होता.

"आणखी एक सांगा," रंभाबाई आता लोकांकडे वळून बोलत होती. "वानगीची भिंत संध्याकाळी पाडायची असती तर दात सोडायले काहून सांगितलं? वानगीले कोणी दात सोडते? पाया लांबचा लांब आधीच काहून खणला होता? आमी अडाणी खरे, पण चुना खाल्लाय आमी जन्मभर."

वामन वर बघायला लागला. "पाडली नाही," तो म्हणाला. "एकही भिंत पाडलेली नाही. ठेकेदाराचं माणूस इथं मी पाहिलेलं नाही."

"वामन, नोकरी कायम व्हायचीय तुझी," साहेब हळूच म्हणाला.

"माहीत आहे साहेब."

तो आत गेला आणि चाचणीची वही घेऊन बाहेर आला. फाटकापाशी जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं वाचू लागला. पहिले तीन हात, चांदनीचा लीलाधर, नापास. पुढचे तीन हात, राजघाटाजवळचा कडू मिस्त्री, नापास. एकेक नाव घेत तो भिंतीच्या कडेनं चालला. चोपन्न नावं झाली तेव्हा भिंत संपली. एक हात कमी नाही, एक हात जास्त नाही. मग त्यानं वहीत घातलेली तपासणीची नक्कल काढून वाचली. उत्तम, ओळंब्यात, सांधे एकसारखे.

शालिग्राम भिंतीपाशी गेला होता. आपल्याच कामावर हात ठेवून उभा होता. "म्हणजे नजर नाही गेली माझी," तो स्वतःशीच म्हणाला.

साहेबानं डाव बदलला. वॅगनी भरणाऱ्या माणसाशी बोलावं तसं नाही, गोड बोलला. "हे बघ शालिग्राम, कागदात चूक होते. नवं राज्य, नवे नियम, घोटाळा व्हायचाच. तुला आजच पास करतो. तीन दिवसांची मजुरीही घे. आईला घेऊन जा. झालं?"

ज्या गोष्टीसाठी तो तीनदा आला होता ती समोर होती. हो म्हणायचं आणि उद्यापासून दवाखान्याच्या पायावर उभं राहायचं. रंभाबाई मुलाकडे बघत राहिली.

"साहेब," शालिग्राम म्हणाला, "माझ्या पहिल्या खेपेच्या तीन हातांत एका बाजूनं कडू मिस्त्रीचे दात रुतले हायेत, दुसऱ्या बाजूनं लीलाधरच्या भावाचे. माझा तुकडा एकटा कसा काढान तुमी? काढून पाहा. भिंत येईन खाली."

साहेब आत गेला. दार लावून घेतलं.

त्या दिवशी वामननं अर्ज लिहिला, साध्या मराठीत. भिंत उत्तम असेल तर बांधणारे सगळे पास करा आणि दवाखान्याच्या कामावर घ्या. बांधणारे नापास असतील तर भिंत पाडा, आम्ही स्वतः पाडून देतो. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. खाली पहिली सही त्यानं स्वतःची केली, मग अंगठ्यांची शाई पुढे सरकवली. बुधवारी शालिग्राम स्टेशनवर गेला नाही.

मंडळी, वामन जे उशिरा शिकला ते आपण सगळ्यांनी शिकायचं आहे. ज्या कामाच्या आश्रयाला आपण उभे राहतो, त्या कामाला आपण पास केलेलंच असतं. मग करणाऱ्याला नापास म्हणायचा अधिकार आपल्याला उरत नाही. आणि 'मी नुसता लिहितो' हे कुणी म्हणू नये. खोटं नेहमी कुणाच्या तरी सुवाच्य अक्षरातच पुढे जातं.

अर्ज भोपाळला गेला म्हणतात. तेव्हापासून दर गुरुवारी, चाचणीच्या वेळेला, बावन्न गवंडी येतात आणि कुणी काही न बोलता आपापल्या तीन हातांसमोर उभे राहतात. शालिग्रामचे तुकडे तीन. एकापुढे तो स्वतः असतो. दुसऱ्यापुढे पहार घेऊन रंभाबाई. तिसरा त्यातल्या पहिल्या गुरुवारी रिकामा होता. दहाच्या ठोक्याला वामन टेबलावरून उठला, टाक दौतीत ठेवला, बाहेर आला आणि त्या तिसऱ्या तुकड्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याचं कायम होणं अजून भोपाळहून आलेलं नाही.

साहेब, आणि साहेबांच्या वरचे साहेब, दार उघडा. भिंत तुमच्या समोर आहे, माणसं भिंतीसमोर आहेत. पास की नापास?