अर्ध्या तासाचं पाणी

धरण या देशात होतं आणि नदी पुढे शेजारच्या देशात जात होती. दोन्हीकडच्या घड्याळांत अर्ध्या तासाचा फरक. म्हणून करारात ठरलं होतं, की दरवाजे उघडण्याआधी तिकडे कळवायचं आणि वेळ दोन्ही घड्याळांची लिहायची.

धरणावरच्या बाई अकरा वर्षं हे काम करत होत्या. पलीकडच्या इशारा-खोलीतल्या दादांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण दादांना सर्दी झाली, की ती त्यांना आवाजावरून कळायची.

त्या दुपारी निरोप नव्या साहेबांनी पाठवला. पावणेचारला बाईंनी त्याची नक्कल पाहिली. नुसतंच लिहिलं होतं, ‘चार वाजता’. कुणाच्या घड्याळाचे, ते नाही. आपले चार वाजतील तेव्हा तिकडे साडेतीनच वाजलेले असणार!

त्यांनी फोन लावला. “दादा, आमचे चार हो! पंधराच मिनिटं उरलीत.”

“अरे देवा! ताई, दवाखान्याच्या चादरी धुणाऱ्या बायका नदीतल्या बेटावर आहेत. आमची हीसुद्धा. होडी एकच, तीन फेऱ्या लागतील. अर्धा तास तरी वाढवा.”

लगेच फोनमधून भोंगा ऐकू आला.

बाई वळल्या. “साहेब, साडेचारला उघडू या.”

“आणि पाणी? ते थांबणार आहे का आपल्यासाठी?”

“पातळी बघितलीय मी. भिंतीला धोका नाही. पाणी मागे फुगेल, तुमच्या बंगल्याच्या बागेत शिरेल.”

“माझे टोमॅटो!” साहेब म्हणाले. मग त्यांनी स्वतः लिहिलेला कागद पुन्हा वाचला. त्यांचे कान लाल झाले. “बुडू देत. आधी माणसं वर येऊ देत.”

साडेचारला दोन मिनिटं असताना फोन वाजला. पलीकडून एका अनोळखी बाईचा आवाज, धापा टाकणारा.

“ताई ना? आलो सगळ्या वर. चादरीसुद्धा आणल्या.”

“आणि दादा?”

“हे काय, बसलेत डोळे पुसत. म्हटलं, अहो, बोला की! तर म्हणतात, तूच बोल.” ती हसली. “उघडा आता. तुमच्याकडचं पाणी किती चढलं असेल!”

“उघडते हं, वहिनी,” बाई म्हणाल्या, आणि फोन कानाशी तसाच धरून त्यांनी कळ दाबली.