पुसून टाकलेला ‘शांत’

मी एक जुना लाकडी फळा आहे. मित्रांनो, ज्या सागातून मला कापलं, त्याच्या सावलीत अख्खं मोहाडी गाव दुपारची झोप काढायचं. छताच्या पंख्याला हे खोटं वाटतं. त्याचं डोकं सतत फिरलेलं, त्याचं काय ऐकायचं!

शाळेत सतरा वर्षं पाढे अंगावर वागवले. रंग उडाला तसा अडगळीत पडलो. तिथून भंडाऱ्याच्या एका रुग्णालयात, मनाच्या आजारांच्या वॉर्डात, सिस्टरांच्या खोलीत आलो. कोणाकडे जास्त लक्ष ठेवायचं, ते ड्युटी बदलताना माझ्यावर लिहितात. नाव नाही, फक्त खाटेचा नंबर.

सात नंबरवर चंद्रभान होते, हातमागावर साड्या विणणारे. आठ दिवस ते येरझाऱ्या घालत रडले आणि एका दुपारी एकदम गप्प झाले. मंजुषा सिस्टरांनी समाधानानं लिहिलं, ‘सात – शांत’. मीही खूश झालो. पण फरशी पुसणाऱ्या धुरपताबाई थबकल्या.

“शांत काहून लिवलं, ताई? सकाळपासून सामान वाटून राहिले ते. घड्याळ आठ नंबरले देऊन टाकलं.”

“मंग आधी काहून नाही सांगितलं?”

“मले कोण इचारते? मी तं पोछावाली.”

सिस्टरांनी ‘शांत’ पुसलं आणि लिहिलं, ‘सात – वस्तू वाटतात. एकटं सोडू नये.’ डॉक्टरांना फोन केला, धुरपताबाईंना चंद्रभानजवळ बसवलं. मंजुषा सिस्टरांची घरी जायची शहापूरची बस निघून गेली, तरी त्या हलल्या नाहीत. कीर्ती सिस्टर ड्युटीवर येताच त्यांना समोर उभं करून सगळं सांगितलं. वर म्हणाल्या, “आता तू मले सांग, काय समजली ते.”

कीर्ती सिस्टरांनी सगळं परत सांगितलं आणि थेट खाटेजवळ गेल्या. दार उघडं होतं, मला ऐकू आलं.

“भाऊ, जीव द्यावा असं मनात येऊन राहिलं का?”

मग हुंदका आला. “हो, बाई. कोणी इचारलंच नव्हतं.”

चंद्रभान वाचले. आता महिन्याला औषध न्यायला येतात. माझ्यावर ‘शांत’ कोणी लिहीत नाही, दिसलं ते लिहितात. ड्युटी बदलताना धुरपताबाईंसाठीही खुर्ची मांडतात. अशी माणसं मी सतरा वर्षं शाळेत राहूनही पाहिली नव्हती.

मित्रांनो, मी फार तर लिहिलेलं दाखवीन. विचारायला माणूसच लागतं. तुमच्यातलं कोणी एकाएकी गप्प होऊन लाडक्या वस्तू वाटू लागलं, तर त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा. आणि मोठ्या माणसाला सांगून, त्याला नीट समजलं याची खात्री झाल्याशिवाय घरी जाऊ नका. बस गेली तर जाऊ द्या.