डावीकडची टेकडी

मित्रांनो, मी एक जुनी वाळूची पेटी आहे. पेटी म्हटल्यावर तुम्हाला भजनातली पेटी आठवेल, नाहीतर दागिन्यांची. मी त्यातली नाही. मी चार पायांवर उभी आहे, मोठ्या जेवणाच्या टेबलाएवढी, आणि माझ्यात बारीक वाळू भरलेली आहे. जर्मनीच्या उत्तरेला होलेनरोडेच्या माळावर एक छावणी आहे. तिथे तरुण मुलामुलींचे लष्करी अधिकारी करतात. त्यातला वाळूचा भाग, म्हणजे लुटुपुटूच्या लढायांची जमीन, माझ्याकडे असतो.

माझा जन्म गावातल्या ब्रिंकहाउस सुताराकडे झाला. छावणीतून त्याला निरोप गेला, वाळूची एक पेटी हवी. पोरांना खेळायला हवी असणार, असं तो धरून चालला. लष्कराला कशाला विचारा, म्हणून विचारलं नाही. पोरांना लागू नये म्हणून त्याने माझे चारी कोपरे गोल केले आणि एका बाजूला हसरं बदक कोरलं. छावणीतल्या लोकांना वाटलं, बदकामागे काहीतरी लष्करी कारण असणार. त्यांनीही विचारलं नाही. तेव्हापासून बदकाची बाजू म्हणजे उत्तर. शत्रू बहुतेक वेळा बदकाकडून येतो.

माझ्या नशिबी स्वस्थता नाही. सकाळी माझ्यात डोंगर उठतो, दुपारी तो हाताने सपाट करतात आणि संध्याकाळी तिथे तळं असतं. निळी लोकर म्हणजे नदी, पांढरी फीत म्हणजे रस्ता, शेवाळाचा तुकडा म्हणजे जंगल. आगपेटीएवढी लाकडी गावं माझ्यात वसतात आणि चहाच्या वेळेआधी काबीज होतात. एखाद्या दरीत जरा अंग टाकावं, तर तिच्यातून पूल जातो. नदीला वाहायला शिकवेपर्यंत कोणीतरी तिची गुंडाळी करून खिशात घालतं. तुम्ही रोज रात्री निजता आणि सकाळी तुमचं नाक तिथेच असतं. त्याची किंमत तुम्हाला कळायची नाही.

माणसं मला खालून दिसतात, म्हणजे आधी हात, मग हनुवटी, मग खांदा. म्हणून हुद्दे मला खांद्यावरून कमी आणि बोटांवरून जास्त कळतात. नवशिका दोन्ही हात कोपरापर्यंत वाळूत घालतो. लेफ्टनंट एक बोट टेकवतो. कॅप्टन छडीने दाखवतो. मेजर हात पाठीमागे बांधतो आणि नजरेने दाखवतो. लेफ्टनंट कर्नल नुसती हनुवटी हलवतो. हुद्दा जितका वर, तितकी हालचाल कमी आणि हलणारं सैन्य जास्त. जनरल एकदा आले होते. ते काहीच हलले नाहीत, आणि त्या दिवशी माझ्यातली सगळी वाळू बदलली.

छावणीत सगळ्यांत वरच्या हुद्द्यावर एक मांजर होतं. करडं, जाड आणि गंभीर. त्याचं नाव कर्नल. कोणीतरी गमतीने ठेवलं आणि मग ते चिकटलं. छावणीचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल एगेलिंग, म्हणजे मांजराच्या एक पायरी खाली. त्यामुळे कर्नल खुर्चीत बसलेला असला की एगेलिंगसाहेब दुसरी खुर्ची घेत. मला झाकण नव्हतं, हेही इथेच सांगून ठेवते.

आता विब्केची गोष्ट. विब्के ओल्टमान्स फेनरिख होती. फेनरिख म्हणजे खांद्यावर रुपेरी गोफ आलेला, पण तारा न आलेला माणूस. साधा शिपाई त्याला आपला मानत नाही आणि अधिकाऱ्यांनी अजून मानलेला नसतो. विब्केच्या बापाची एम्डेनच्या बंदरावर मासळी-पावाची टपरी होती. निघताना तो तिला म्हणाला होता, "जमलं नाही तर परत ये. कांदा चिरायला माणूस लागतंच." तो मायेने म्हणाला होता. त्यामुळेच ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं.

परीक्षा माझ्याभोवती व्हायची. माझ्यात जमीन मांडायची, मग फेनरिखने सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या तुकडीला हुकूम द्यायचा: कुठून जायचं, कोणी काय करायचं. विब्के पहिल्या खेपेला नापास झाली होती. तिने तुकडी उजवीकडून नदीपार नेली. कॅप्टन हासेलबाख परीक्षक होते. ते एवढंच म्हणाले, "नक्की?"

"नाही साहेब, मग डावीकडून," विब्के म्हणाली.

"नक्की?"

"मग पुन्हा उजवीकडून."

तिसऱ्या 'नक्की'ला तिची अख्खी तुकडी निळ्या लोकरीच्या मधोमध उभी होती. शत्रूने एक गोळीही झाडली नव्हती. माझी वाळू शरमेने ओली व्हायची तेवढी बाकी होती. आता ही दुसरी खेप, आणि शेवटची. हीही गेली तर गोफ उतरवायचा, छावणी सोडायची आणि कांदा.

फेब्रुवारीतला दिवस. सकाळी परीक्षेची जमीन फेनरिख मंडळींनीच नकाशा बघून मांडली. डाव्या बाजूचं कुरण विब्केकडे आलं. तिने ते तळहाताने इतकं सपाट केलं की मला गुदगुल्या झाल्या. वर हिरवा भुसा पसरला.

"अगं, किती थापटशील?" श्टांगल म्हणाला. हा तिच्याच तुकडीतला, दक्षिणेकडच्या बायर्न प्रांताचा फेनरिख, कायम खुशीत. "कुरण आहे ते, बाळ नाही. झोपणार नाही."

"सपाट म्हणजे सपाट," विब्के म्हणाली. "नकाशात सपाट आहे."

"चल, आज वाटाण्याचं सूप आहे, सॉसेज घातलेलं. हरायचं तर भरल्या पोटी हरू."

"तू हर."

सगळे जेवायला गेले. अकरा वाजल्यापासून एकमेकांना 'जेवणवेळ' म्हणून रामराम करायची इथली रीत आहे. बोळातून तो घोष लांब लांब गेला. खोलीत शांतता झाली. खिडकी किलकिली होती.

कर्नल आला.

तो माझ्या काठावरून चालला, बदकापाशी थांबला आणि डाव्या कुरणात उतरला. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. पाय आहेत, पण ते सुताराने चालायला दिलेले नाहीत. मी नुसती आत तडफडत होते. कर्नल जातिवंत मांजर. काम झाल्यावर त्याने चहूबाजूंनी वाळू ओढली, भुसाही नीट वर घेतला आणि एक सुबक, हिरवीगार टेकडी उभी केली. मग सर्व दिशांना पाहणी करून तो निघून गेला.

जेवण आटोपून मंडळी परतली. फेनरिखांना कुरणात टेकडी दिसली. त्यांना वाटलं, परीक्षेसाठी कॅप्टनसाहेबांनी परिस्थिती बदलली. कॅप्टनसाहेबांनाही टेकडी दिसली. त्यांना वाटलं, फेनरिखांनी नकाशा बघून केली. लेफ्टनंट कर्नल एगेलिंग मुद्दाम परीक्षा बघायला आले होते. त्यांना वाटलं, टेकडी आहे. तीन पायऱ्यांवरची माणसं एकाच टेकडीकडे आदराने बघत उभी राहिली. खोली उबदार ठेवणारी गरम पाण्याची नळी चालू होती. थोड्या वेळाने एक वास सुटला. सगळ्यांनी वाटाण्याच्या सुपाचा विचार केला आणि आपल्याहून वरच्या हुद्द्याकडे बघायचं टाळलं.

पहिला नंबर श्टांगलचा. त्याने लाकडी मशीनगन उचलली आणि थेट टेकडीच्या माथ्यावर दाबून बसवली. मला कसंसंच झालं.

"इथून सगळं खोरं आपल्या माऱ्यात येतं," तो म्हणाला.

"शाबास," कॅप्टन हासेलबाख म्हणाले. "उंचीचा धीट वापर. उभे राहा बाजूला. फेनरिख ओल्टमान्स."

विब्के पुढे आली. तिचे हात माझ्या काठावर टेकले आणि मला कळलं, ते थंडगार आहेत. तिने नकाशा पाहिला, टेकडी पाहिली, पुन्हा नकाशा पाहिला. मग तिने हुकूम द्यायला सुरुवात केली. पहिला गट उजव्या झाडीतून, दुसरा पुलाशी, तिसरा थेट डाव्या कुरणातून. तिचं बोट टेकडीवरून सरळ पुढे गेलं, जणू तिथे काही नव्हतंच.

एगेलिंगसाहेबांची हनुवटी डावीकडे हलली. "ओल्टमान्स, ही टेकडी तुम्ही मोकळी सोडलीत. शत्रू तिथे बसला तर?"

"तिथे टेकडी नाही, साहेब."

मागे कोणाचा तरी बूट करकरला.

"मला दिसतेय," एगेलिंगसाहेब शांतपणे म्हणाले.

"मलाही दिसतेय, साहेब. पण नकाशात नाही. सकाळी तिथे कुरण होतं. मीच केलं होतं."

"परिस्थिती बदलते, फेनरिख," कॅप्टन म्हणाले. "लढाईत बदलते."

"बदलते, साहेब. पण बदलली तर कोणीतरी सांगतं. ही कोणी बदलली?"

कॅप्टननी फेनरिखांकडे पाहिलं. फेनरिखांनी कॅप्टनकडे पाहिलं. मी आत उकळत होते. सुतारापासून आजपर्यंत हा प्रश्न माझ्याजवळ पहिल्यांदाच कोणी विचारत होतं, आणि ज्याला उत्तर ठाऊक होतं तो स्वयंपाकघराच्या पायरीवर ऊन खात होता.

"म्हणजे आम्ही जेवत असताना डोंगर उगवला, असं तुमचं म्हणणं?" कॅप्टन म्हणाले. त्यांनी छडी खाली ठेवली. "नक्की?"

तोच शब्द. विब्केचे कान लाल झाले. तिची बोटं माझ्या काठावर एकदा घट्ट झाली. मला वाटलं, आता तिसरा गट निघाला नदीकडे.

"टेकडी कशी उगवली ते मला माहीत नाही, साहेब," ती म्हणाली. "पण माझी तुकडी त्या कुरणातून जाईल. नक्की."

मग एगेलिंगसाहेबांनी असं काही केलं, जे त्यांच्या हुद्द्याच्या माणसाने माझ्या आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्यांनी हात पाठीमागून सोडवला, ते पुढे वाकले आणि टेकडी खरी आहे का हे तपासायला त्यांनी तिच्यात बोट घातलं. चांगलं दुसऱ्या पेरापर्यंत.

ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांनी बोट बाहेर काढलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ते आपल्यापासून लांब धरलं.

"कॅप्टन," ते म्हणाले, "रुमाल."

कॅप्टननी रुमाल दिला.

"फेनरिखचं बरोबर आहे. ही टेकडी नाही."

"साहेब," मागून श्टांगलचा बारीक आवाज आला, "मग माझी मशीनगन?"

"तुमची मशीनगन तिथेच आहे, श्टांगल. उंचीचा धीट वापर केलात ना, आता ती खाली उतरवायचंही तुम्हीच बघा." मग ते विब्केकडे वळले. "तुम्ही का थांबलात? शत्रू थांबलेला नाही. हुकूम पुरा करा."

विब्केने हुकूम पुरा केला. तिची तुकडी कुरणातून गेली, वाटेत जरा वळसा घालून, पण ते सगळ्यांनी समजून घेतलं. संध्याकाळी श्टांगल आणि ती माझी वाळू चाळत होते. त्याने दोन हातमोजे एकावर एक चढवले होते.

"तुला आधीच कळलं होतं का गं, ते काय आहे?" त्याने विचारलं.

"नाही. काय नाही एवढंच कळलं होतं."

मग ती खिडकीशी गेली आणि तिने एम्डेनला फोन लावला. "बाबा, कांदा दुसऱ्या कोणाला तरी चिरायला सांगा," ती म्हणाली. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. ती मात्र बराच वेळ नाक पुसत होती, आणि कांदा तर कुठेच नव्हता.

कर्नलची चौकशी झाली नाही. वरिष्ठाची चौकशी कनिष्ठाने करायची इथे पद्धत नाही. मला झाकण मात्र मंजूर झालं. ते आलं तेव्हा विब्केच्या खांद्यावर तारा लागून ती दुसरीकडे गेलीही होती. झाकण एक वीत आखूड होतं. कर्नलला एक वीत पुरत असे.

पुढे छावणीत काचेचं टेबल आलं. त्याच्यावर बोट फिरवलं की डोंगर उठतात, आणि वीज गेली की सगळा देश एकदम मावळतो. मला कोठारात टाकलं. माझ्या अंगावर तुटक्या खुर्च्या रचल्या. तुम्हाला वाटेल, आता तरी मला विसावा मिळाला असेल. नाही हो. इतकी वर्षं रोज बदलायची सवय झाल्यावर एकच डोंगर महिनोन्‌महिने पोटात घेऊन पडणं फार अस्वस्थ करतं. तोही नीट डोंगर नव्हता. खुर्चीचा पाय रुतून झालेला खड्डा होता तो.

मग एक दिवस खुर्च्या उचलल्या गेल्या. ओळखीचे हात माझ्या काठावर टेकले, पण आता खांद्यावर तीन तारे होते. कॅप्टन विब्के ओल्टमान्स शिकवायला परत आली होती. तिने आधी वाकून माझा वास घेतला. मग बदकावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "हिला वर न्या."

तेव्हापासून मी पुन्हा कामावर आहे. सकाळी नवे फेनरिख जमीन मांडतात, कुरण सपाट करतात आणि जेवायला जातात. मग विब्के एकटी आत येते, दार लोटते आणि डाव्या कुरणात ओंजळभर स्वच्छ वाळूची एक टेकडी करते. मुलं परत येतात. एक जण माथ्यावर मशीनगन ठेवतो. दुसरा तिथे खंदक खणतो. एकाने तर टेकडीला नाव दिलं आणि तिच्यासाठी दोन गट खर्ची घातले. विब्के काठाला धरून उभी राहते, मी तिच्या हाताखाली अस्वस्थ होऊन वाट बघते, आणि आम्ही दोघी मनातल्या मनात एकच म्हणत असतो: अरे, कोणीतरी विचारा.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या पेट्यांना अधूनमधून चाळत जा, आणि झाकण करायचं तर आधी माप घ्या. आणि सकाळी नसलेली टेकडी दुपारी दिसली, तर समोर कितीही ताऱ्यांचा खांदा असो, ती कोणी केली हे विचारा.

बोट मात्र घालू नका.