कोरसची जागा

धम्मप्रियाचा अल्बम निघाला त्या सकाळी आमच्या गल्लीतला सुमित चिंचोळी एमआयडीसीतून रात्रपाळी करून थेट माझ्या दारात आला. अंगावर कंपनीचा शर्ट, डोळे लाल. "मावशी, फोन आना," म्हणाला, आणि उंबऱ्यावर बसून त्यानं माझ्या फोनवर पहिलं गाणं लावलं. चहा गार झाला तरी त्यानं कप उचलला नाही.

धम्मप्रिया माझी एकुलती एक मुलगी. पुण्याला असते. तिथं चार मुलांबरोबर तिचा बँड होता, नाव 'कडक भाकरी'. या नावाला वस्तीतली माणसं आधी लई हसली. मग दोन वर्षांमागं जयंतीच्या मिरवणुकीत बँड ट्रकवर चढला. गिटारांचा कल्लोळ, ड्रमचा दणका आणि त्यावर माझ्या मुलीचा आवाज. गटाराच्या पाण्यावर गाणं, आडनाव विचारणाऱ्या घरमालकावर गाणं. म्हातारी माणसंसुद्धा नाचली. त्यानंतर ती आली नाही. बँड मोडला, कशावरून ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आणि आता हा तिचा एकटीचा अल्बम, 'दुपार'. एक गिटार, काही ठिकाणी तीही नाही. भाड्याची खोली, थेंब थेंब गळणारा नळ, न आलेलं माणूस, अशी गाणी. घोषणा नाही, बाबासाहेबांचं नाव नाही.

संध्याकाळपर्यंत वस्तीत दोन बाजू पडल्या. गाण्यांच्या खाली फोनवरही तेच. अक्षरं मी उशिरा शिकले, विहारातल्या बायकांच्या वर्गात, त्यामुळं वाचायला वेळ लागतो. पण लोकांनी लिहिलेलं मी सगळं वाचलं. "बँड सोडलास आणि जीव गेला गाण्यातला." "ताई, माझी दुपार तुम्हाला कुणी सांगितली?" "हे रॉक नाही, हे घरातलं रडगाणं आहे." "दहा वेळा ऐकलं." आणि बऱ्याच जणांनी एकच विचारलं होतं: "मधेमधे आवाज जातो, रेकॉर्डिंग बिघडलंय का?"

रविवारी विहारात वंदना झाल्यावर जयंती मंडळाची बैठक बसली. यशपाल अध्यक्ष. माझ्या मालकांच्या, भीमाअण्णांच्या गायन पार्टीत तो पेटी वाजवायचा. अण्णा गेल्यावर पार्टी संपली, पण यशपालची बोटं अजून बोलताना मांडीवर चालतात.

"पोरगी आपली हाय," तो म्हणाला, "बोलवायचीच. पन ही नवी गानी ट्रकवर लावली तर मिरवनूक झोपंल."

"झोपू द्या की घटकाभर, काका," सुमित म्हणाला. "आमाला रात्रपाळी आसती."

सगळे हसले. यशपाल हसला नाही. "तुला काय आवडलं रं त्यात? एक ओळ म्हनती आन् गप बसती. एक ओळ म्हनती आन् गप बसती. दमा लागल्यावानी."

माझी शेजारीण शुभदा सहसा बैठकीत बोलत नाही. ती म्हणाली, "मला बाई आवडलं. तवा तापेपर्यंत आपन चुलीम्होरं उगंच उभं ऱ्हातो न्हाय का, तसं हाय ते."

"तवा तापवायला मिरवनूक कशाला काढायची, वैनी?" यशपाल म्हणाला. मग आवाज उतरवून बोलला, "मस्करी सोडा. ज्यांच्यामुळं ही पोरगी माईकम्होरं हुबी ऱ्हायली, त्या बाबासाहेबांचं नाव एका गान्यात न्हाय. मला टोचतं ते."

मलाही ते टोचलं होतं.

शेवटी ठरलं. तिला बोलवायचं, पण गाणी बँडचीच म्हणायची, नव्यातलं एकही नाही. आणि हे तिला मी सांगायचं. "तुमी सांगितल्यावर न्हाय म्हननार न्हाय ती, मीनावैनी," यशपाल म्हणाला. ते खरं होतं. मी घरी येताना दुकानातून शेंगदाणे घेतले. चटणी तिला घरचीच लागते.

शेंगदाणे भाजून झाले, पाखडून झाले. ऊन असं होतं की पत्र्याखाली बसवत नव्हतं. फोन करण्याआधी पुन्हा एकदा सगळं ऐकावं, म्हणून ओली चादर दाराला लावून मी आत बसले आणि पहिलं गाणं लावलं.

"कडी वाजली वाटतं, दारात कोणी नाही." एवढं म्हणून ती थांबते. गिटारही थांबते. मग पुढची ओळ.

दुसऱ्यांदा ती थांबली तेव्हा माझा हात आपोआप टाळ्यांसाठी वर आला, आणि मला कळलं.

अण्णांच्या पार्टीत मी कोरसला होते. पेटीच्या मागं, डाव्या अंगाला, आणखी दोघी आणि एक मुलगा. अण्णांनी ओळ सोडली की आम्ही टाळ्या देत ती उचलायची. शेवटचे शब्द धरून परत म्हणायचे. तेवढ्यात अण्णा श्वास घेणार, पाण्याचा घोट घेणार, पुढची ओळ आठवणार. गावोगावी, मैंदर्गीपासून केमपर्यंत, ट्रकच्या फाळक्यावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर. धम्मप्रिया माझ्या मांडीवर झोपलेली असायची. तिच्या डोक्यावरून आम्ही गायचो. अण्णांची ओळ तिच्या एका कानात आणि आमची दुसऱ्या.

ती मुद्दाम करते की तिला तसंच गाता येतं, ते मला ठरवता आलं नाही. पण ती जिथं जिथं थांबत होती, ती सगळी कोरसची जागा होती. लांबीही तेवढीच. बँडमध्ये तिथं गिटारी वाजायच्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता तिथं कोणीच नव्हतं.

मी फोन लावला.

"ऐकलंस का, आई?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"ऐकलं."

"मग?"

"तिसरं न्हाय आवडलं. लई रडकं हाय."

ती मोठ्यानं हसली. "आणि बाकी?"

"लोक म्हनत्यात रेकॉर्डिंग बिघडलंय."

"तू काय म्हनतीस?"

"मी म्हनलं, कोरस कुटं गेला?"

मागं कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी वाजली. मग ती म्हणाली, "कोरसला कुनाला बोलावू, आई? कोन हाय?"

मग पुढं तिनंच विचारलं, "जयंतीला बोलावत्यात का मला?"

"बोलावत्यात. पन जुनीच गानी म्हनायची. नवं एक बी न्हाय. यशपालनं सांगितलंय."

"त्याच दिवशी नाशिकला एक कार्यक्रम हाय. लहान हॉल हाय, पन त्यांनी नवीच मागितल्यात." तिचा आवाज अगदी सरळ होता. "तू ये म्हन, ते सोडते. येते आन् जुनी म्हनते. चार दिस ऱ्हाते बी."

चार दिवस. पाखडलेले शेंगदाणे सुपात समोरच होते. नुसतं 'ये' म्हणायचं होतं. ती आली असती, ट्रकवर चढली असती, कल्लोळ झाला असता, वस्ती नाचली असती. आणि ही गाणी तिनं कुठंतरी गुंडाळून ठेवली असती. एकदा ठेवली की ती पुन्हा काढत नाही. बापासारखी आहे.

"नाशिकला जा," मी म्हणाले.

"आई?"

"जा म्हनते न्हवं. चटनी पाठवते कुनासंगं तरी."

ती येणार नाही असं दुसऱ्या दिवशी यशपालला सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. "तुमी 'ये' म्हनला न्हाईत, वैनी. मला कळतंय की."

"व्हय. न्हाय म्हनले."

"भीमाअण्णा असते तर तिला कानाला धरून ट्रकवर चढवली असती."

"अण्णा असते तर तिच्या मागं म्हनायला मानसं बी असती, यशपाल."

त्यानं मान फिरवली. पुढं काही दिवस तो माझ्या दारावरून जाताना 'जयभीम' म्हणायचा, पण थांबायचा नाही. मंडळानं डीजे सांगितला.

जयंतीच्या सकाळी मी पांढरं लुगडं नेसून विहारात गेले, वंदना केली, मुलांना केळी वाटली. दुपारी गल्ली रिकामी झाली. सगळे ट्रक सजवायला चौकात. सुमित बोलवायला आला होता, त्याला म्हटलं, ऊन उतरल्यावर येते. शुभदाच्या घरालाही कुलूप होतं. लांबून डीजेवाले आवाज तपासत होते, पत्रा थरथरायचा आणि थांबायचा.

मी दार लावलं नाही. फोन डब्यावर उभा केला आणि पहिलं गाणं लावलं.

"कडी वाजली वाटतं, दारात कोणी नाही."

ती थांबली. माझ्या घशातून नुसती हवा आली. आवाज सापडेपर्यंत तिची पुढची ओळ सुरू झालीसुद्धा. अण्णा असते तर त्यांनी मागं वळून बघितलं असतं. मी पाणी प्यायले, मांडी सावरली, आणि ती ओळ परत यायची वाट बघत बसले. ती आली. या वेळी मी वेळेवर होते.

"दारात कोणी नाही," मी तिच्या मागून म्हटलं.