शिंपीकाकांच्या नावापुढच्या दोन रेघा

मित्रांनो, मी दवाखान्याची एक जुनी नोंदवही आहे. माझ्यात गोष्टी नाहीत की चित्रं नाहीत. एका वस्तीतल्या चारशे माणसांची नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढे रकाने आहेत: वय, तंबाखू, रक्तदाब, साखर आणि शेवटी तोंडाची तपासणी.

छापखान्यात माझी पानं शिवली, पाठीला लाल कापड लावलं आणि मी सिस्टरांच्या हाती आले. त्या घरोघर फिरून तपासणी करायच्या. काखेत मी, हातात बॅटरी. "आ करा, काका. अजून मोठा! भांडताना बरं उघडतं!" असं म्हणत त्या गालाच्या आत उजेड टाकायच्या. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली, की त्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांसमोर उभं करायच्या. कर्करोग लवकर सापडला तर बरा होऊ शकतो, हे सांगून त्यांचा घसा बसायचा. मला त्यांचा केवढा अभिमान होता!

आमची एक पद्धत होती. ज्यांचा तपासणीचा रकाना रिकामा, त्यांच्याच घरी पुढच्या फेरीत जायचं. भरलेल्या रकान्याला वर्षभर सुट्टी.

एकदा अहवाल द्यायचा दिवस उजाडला तरी बत्तीस माणसं राहिली होती. सिस्टरांचे पाय सुजलेले, साहेबांचे फोनवर फोन. त्या टेबलाशी बसल्या. एका नावापुढे 'तपासले, ठीक' असं लिहिलं आणि खाली एकतीस जणांपुढे वरीलप्रमाणेच्या दोन-दोन रेघा ओढत गेल्या. ज्या हातावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता, त्याच हाताने माझा घात केला.

अहवाल वर गेला. शंभर टक्के! साहेबांनी मला उंच धरलं. टाळ्या वाजल्या. मला मात्र मान वर करवेना.

त्या एकतीस जणांत शिंपीकाका होते. गालात तंबाखू धरून दिवसभर मशीन चालवायचे. चार महिन्यांनी त्यांनीच सिस्टरांना हाक मारली. "सिस्टर, गालात काहीतरी खरखरतंय. बघता का?"

सिस्टरांनी घाईघाईत मला उघडलं. स्वतःच ओढलेल्या रेघा त्यांना आठवल्याही नाहीत. "तुमचं झालंय की, काका. ठीक आहे."

"कधी झालं?"

"वहीत आहे ना!"

काकांनी पुन्हा मशीन सुरू केलं. वहीपुढे कोण बोलणार?

वर्ष संपायच्या आत त्यांची लेक दवाखान्यात आली. "बाबांचा अर्धा जबडा काढला. मोठे डॉक्टर विचारतात, आधी कुणी पाहिलंच नव्हतं का?"

सिस्टरांचं बोट माझ्या रेघांवर येऊन थांबलं. त्या म्हणाल्या, "नाही गं बाळ. पाहिलं नव्हतं. नुसतं लिहिलं होतं."

"मग ही वही मिरवता कशाला?" लेकीने मला फाडकन मिटलं.

त्या दुपारी सिस्टर बॅटरी घेऊन, न पाहताच 'ठीक' लिहिलेल्या बाकीच्यांच्या घरी गेल्या. मला नेलं नाही.

आता मी कपाटावर धूळ खात पडले आहे. कॉम्प्युटर आला आहे. त्यात म्हणे एका बोटाने अख्खा रकाना भरतो.

मित्रांनो, न पाहिलेलं 'ठीक' लिहू नका. रिकामा रकाना कुणाला तरी दारापर्यंत आणतो. आणि वही काहीही म्हणो, आपलं दुखणं आपल्याला ठाऊक असतं. शिंपीकाकांनी एकदाच विचारलं होतं. तुम्ही दोनदा विचारा.