हेमांगीची खानावळ

"हात अजून थोडे पुढे घ्या ना. चेहरा नको, फक्त हात," कॅमेऱ्यामागून मृणाली म्हणाली.

जयमालाने हात पुढे केले. मनगटांत हेमांगीवहिनींच्या पाटल्या होत्या. जरा घट्टच होत होत्या.

मृणाली पुण्याहून आली होती. कोकणातल्या चुकवू नयेत अशा खानावळींवर ती व्हिडिओ करत होती, आणि हरिहरेश्वरात तिने देवळाच्या रस्त्यावरची हेमांगीची खानावळ निवडली होती. हेमांगी नवी साडी नेसून मोदक वळायला बसली, तेव्हा पहिल्या चारही पाऱ्या फाटल्या. पाचवीला मृणालीच म्हणाली, "बोला तुम्ही, हात या ताईंचे घेऊ. बघणाऱ्यांना कळत नाही." हात उघडे दिसतील म्हणून हेमांगीने स्वतःच्या पाटल्या उतरवून दिल्या.

एकोणीस वर्षं त्या स्वयंपाकघरात जयमालाच रांधत होती. वालाचं बिरडं, सोलकढी, मोदक, सगळं तिच्या हातचं. हेमांगी आणि तिचा नवरा सिद्धेश पुढचं बघत. देवदर्शन करून आलेलं एखादं गिऱ्हाईक विचारी, "जेवण कोण करतं?" हेमांगी म्हणे, "घरचीच माणसं." आत जयमालाला ते ऐकू येई. बौद्धवाडीतली जयमाला घरची कशी, हे तिने कधी विचारलं नाही. सुरुवातीला तर तिला ते ऐकून बरंही वाटायचं.

शूटिंग संपल्यावर पाटल्या साबण लावून काढाव्या लागल्या. हेमांगीने त्या नळाखाली धरल्या, घासून धुतल्या, पुसल्या आणि पुन्हा एकदा धुतल्या.

"पीठ चिकटलं ना गं," ती म्हणाली.

"व्हय," जयमाला म्हणाली.

व्हिडिओ खूप चालला. त्यात हेमांगी हसून सांगत होती, "आमच्या आजेसासूबाईंची पद्धत आहे ही," आणि पडद्यावर जयमालाची बोटं कळीला कळी जोडत होती. पंधरा दिवसांत खानावळीबाहेर रांग लागायला लागली. सिद्धेशने भिंतीवर हेमांगीचा मोठा फोटो लावला.

एका रविवारी दुपारी वाढायला माणूस कमी पडला. सिद्धेश आत येऊन म्हणाला, "जयमाला, मोदकांचं ताट तेवढं बाहेर नेऊन दे गं." ती बाहेर आली. दाराजवळच्या टेबलावर प्रज्योत बसला होता, बायको आणि लेकीसह. जयमालाच्याच वाडीतला, आता म्हसळ्याला शाळेत शिक्षक. तिला बघताच तो उठून उभा राहिला.

"जय भीम, ताई! तुमचा व्हिडिओ पाह्यला. चेहरा न्हाय दाखवला त्यांनी, पण हिला म्हटलं, हे हात आपल्या ताईंचेच!"

जेवणारे वळून बघायला लागले. सिद्धेश तिच्याकडे बघत होता. नुसती मान हलवून आत जाता आलं असतं. जयमालाने ताट टेबलावर ठेवलं.

"जय भीम, गुरुजी," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बसा. गरम हायेत तवर खा."

खिडकीजवळच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढ्यातला मोदक बोटाने बाजूला सारला. "पोट भरलं," ते बायकोला म्हणाले, आणि दोघं उठली. त्यांच्यामागून आणखी एक कुटुंब उठलं. बाकीचे जेवत राहिले.

संध्याकाळी सिद्धेश मागच्या दाराशी आला. "थोडे दिवस येऊ नको. माझं काही नाही गं, तुला माहितेय. पण लोक विचारतात."

"मंग सांगा ना त्यांना, कोण करतं ते."

हेमांगी आत भांड्यांशी होती. ती बाहेर आली नाही. जयमालाने पदराला हात पुसले, चपला घातल्या आणि निघाली.

प्रज्योत तिच्या घराशीच थांबला होता. त्याला कुणीतरी कळवलं होतं.

"ताई, माझं चुकलं का?"

"न्हाय रे," ती म्हणाली. "तू नुसती हाकच मारलीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भात लावला. घरात मोड आलेले वाल होते ते सोलले, नारळ खवला. तिच्या सासूबाई पुतळाबाई उंबऱ्याशी बसून बघत होत्या.

"आज सुट्टी हाय?"

"हाय."

एक वाजता देवळाच्या रस्त्यावर गाड्या लागायला लागल्या. एकोणीस वर्षं या वेळेला ती चुलीपुढे उभी असायची आणि साडेचार वाजता, सगळ्यांचं आटपल्यावर, ओट्याशी उभ्यानेच दोन घास खायची. आज तिने पाट मांडला. ताट वाढून घेतलं, भातावर बिरडं घेतलं आणि मांडी घालून बसली.

"कसं झालंय गं?" पुतळाबाईंनी विचारलं.

जयमालाने घास तोंडात घेतला. सावकाश चावला.

"मीठ जरा जास्त झालंय," ती म्हणाली, आणि जेवत राहिली.